फर्माईश आणि मोकळीक



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते गायक नव्हते, वादक नव्हते, संगीतावर त्यांनी कधी एक ओळ छापली नाही. सगळं गाव त्यांना मास्तर म्हणायचं. शाळा सुटली की ते या सभागृहात यायचे, सतरंज्या झटकायचे, तंबोऱ्यांच्या गवसण्या काढून ठेवायचे आणि गाणं सुरू झालं की दाराजवळच्या खांबाशी मांडी ठोकून बसायचे. पत्रिकेवर कोणाचं नाव आहे यावर त्यांचं बसणं कधी अवलंबून नव्हतं. अशा माणसाच्या नावानं बोलायचं तर गाणाऱ्यांवर काय बोलणार? त्यांच्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. मी आज समोर बसणाऱ्यांवर, म्हणजे तुमच्यावर आणि माझ्यावर बोलणार आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना शेवटची बस गाठायची आहे त्यांना मध्येच उठताना रुखरुख लागणार नाही. कलाकारावर जीव टाकणारा माणूस त्याला दोन गोष्टी देऊ शकतो. एक फर्माईश, दुसरी मोकळीक. आपण मराठी रसिकांनी पहिली सढळ हातानं दिली आणि तिच्याबद्दल स्वतःची पाठही थोपटून घेतली. दुसरी द्यायची वेळ आली की आपण घड्याळ बघतो.

सुरुवात श्रोत्याच्या मोठेपणापासून करू, कारण पुढे मी त्याला थोडं टोचणार आहे. 1933 साली गदगचा एक अकरा वर्षांचा मुलगा एका दुकानात लावलेली तबकडी ऐकतो. अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी. असं गाता आलं पाहिजे, एवढंच त्याच्या डोक्यात बसतं आणि तो घर सोडतो. खिशात पैसे नाहीत, गाडीत तिकीट नाही. ग्वाल्हेर, कोलकाता असा फिरत फिरत तो जालंधरला पोचतो. तिथे दरवर्षी हरिवल्लभ संगीत संमेलन भरतं, ते 1875 पासून चालू आहे. त्या मेळ्यात त्याला विनायकराव पटवर्धन भेटतात आणि विचारतात, अरे, तुझ्या घराजवळ कुंदगोळला सवाई गंधर्व असताना तू इकडे कुठे वणवण करतोस? पंडित भीमसेन जोशींची ही गोष्ट आपण गवयाची गोष्ट म्हणून सांगतो. मला ती आधी एका श्रोत्याची गोष्ट वाटते. त्याला घराबाहेर कशानं काढलं? ऐकण्यानं. आणि गुरूचा पत्ता मिळाला तोही गाण्याच्या जलशात.

कोल्हापूरच्या गोविंदराव टेंब्यांचंही तसंच. शिक्षण वकिलीचं, पण कान भास्करबुवा बखल्यांकडे आणि अल्लादिया खाँसाहेबांकडे. त्यांचं ‘माझा संगीत व्यासंग’ 1939 साली आलं. ते आजही वाचनीय आहे, कारण स्वतः मोठे संवादिनीवादक आणि संगीतकार असलेले टेंबे त्यात बराच वेळ श्रोत्याच्या जागी बसून बोलतात. वामनराव देशपांडे पेशानं हिशेबतपासनीस. त्यांनी ‘घरंदाज गायकी’ लिहिली आणि घराण्यांबद्दल बोलायची एक भाषाच मराठीला दिली. ही माणसं मैफलीला जायची तेव्हा गवयाला ठाऊक असायचं की समोर कोण बसलंय.

आता फर्माईशीकडे वळतो.

मराठी माणसाचं चाहतेपण घडलं संगीत नाटकात, आणि त्याचं शिखर म्हणजे बालगंधर्व, अर्थात स्त्रीभूमिकांनी गाजलेले नारायणराव. 12 मार्च 1911 ला मुंबईत ‘मानापमान’चा पहिला प्रयोग होता. त्याच दिवशी नारायणरावांची लहान मुलगी गेली. प्रयोग रद्द करायला कोणी हरकत घेतली नसती. ते रंगभूमीवर उभे राहिले. रसिकांचा विरस व्हायला नको, एवढंच त्यामागचं कारण सांगितलं जातं. ही हकिगत आपण भारावून सांगतो, आणि ती आहेच भारावून टाकणारी. पण थिएटरात बसलेल्या माणसांच्या बाजूनं ती कधी बघितलीय का? आपल्या करमणुकीची किंमत समोरचा माणूस काय मोजतोय, याची त्यांना कल्पना असायचं कारण नव्हतं. नंतर कळलं तेव्हा त्यांचं प्रेम दुप्पट झालं. कलाकारानं आपल्यासाठी स्वतःला जाळून घ्यावं, ही अपेक्षा अशीच हळूहळू रुजते.

मग ‘वन्स मोअर’. 1916 चं ‘स्वयंवर’, 1919 चा ‘एकच प्याला’, 1920 ची ‘द्रौपदी’. साथीला पुढे अहमदजान तिरखवाँचा तबला आणि कादरबक्षांची सारंगी. अशी साथ लाभलेलं पद एकदा ऐकून कोणाचं समाधान होणार? ‘वन्स मोअर’ मिळायचा, नारायणराव पद पुन्हा घ्यायचे, पुन्हा मिळायचा, पुन्हा घ्यायचे. कथा थांबलेली असायची. ‘स्वयंवर’मधली रुक्मिणी पत्र लिहून बसलेली, कृष्ण आत विंगेत चहा घेतोय, आणि प्रेक्षागृहात पहाट होत आलेली. आजोबा-पणजोबांच्या तोंडून ही वर्णनं ऐकून आमची पिढी वाढली आणि त्या काळात जन्म झाला नाही म्हणून हळहळली.

मी हळहळत नाही. बालगंधर्वांच्या आवाजातली लाडिक आर्जवं, शब्द न मोडता स्वर वळवण्याची हातोटी, लयीशी चाललेली ती लपाछपी, हे सगळं ध्वनिमुद्रिकांतून आजही अंगावर काटा आणतं. पण ज्या प्रेक्षकांनी त्यांना डोक्यावर घेतलं त्यांनीच त्यांना एका जागी खिळवून ठेवलं, असं माझं मत आहे. काळ बदलला, बोलपट आले. 1935 साली नारायणराव प्रभातच्या ‘धर्मात्मा’त पुरुषवेषात दिसले, तर लोकांना ते रुचेना. साठीच्या घरातल्या, थकलेल्या शरीराच्या माणसानं पुन्हा शालू नेसून उभं राहायचं, आणि आपण डोळे मिटून पूर्वीची रुक्मिणी बघायची, असा तो व्यवहार होऊन बसला. प्रेम खोटं होतं असं मी म्हणत नाही. खरं होतं म्हणूनच ते इतकं जड झालं.

8 जुलै 1921 चा ‘संयुक्त मानापमान’ही इथे आठवायला हवा. टिळक स्वराज्य फंडासाठी केशवराव भोसले आणि बालगंधर्व एका रंगमंचावर आले. दोन कंपन्या, दोन नायक, दोन्हीकडचे भक्त. त्या रात्री कोणी कोणावर मात केली याचे वाद मराठी घरांत पुढे कित्येक वर्षं चालले. तीन महिन्यांत केशवराव गेले, वय अवघं एकतीस. दोन माणसांनी एकमेकांचं गाणं सांभाळत केलेला प्रयोग आपल्याला कुस्तीच्या फडासारखाच आठवतो, हा खास आपला गुण.

आता पुण्यात येतो. 1952 साली सवाई गंधर्व गेले आणि पुढच्या वर्षापासून भीमसेनजींनी त्यांच्या पुण्यतिथीचा उत्सव सुरू केला. गुरुबंधू-गुरुभगिनींनी जमून गुरूची आठवण करायची, एवढंच त्याचं मूळ रूप. गंगूबाई हनगल, फिरोज दस्तूर आणि स्वतः भीमसेन ही तिन्ही नावं एकाच गुरूची. त्यातून वाढत वाढत डिसेंबरातला ‘सवाई’ झाला. शनिवार पेठेतलं रमणबागेचं पटांगण ज्यांनी रात्री अनुभवलंय त्यांना मी काय सांगायचं? कनाती, वर कापडाचा मांडव, खाली पसरलेल्या सतरंज्या. संध्याकाळपासून लोक शाली, कानटोप्या, उशा, पाण्याच्या बाटल्या घेऊन जागा धरायला येत. एक जण जागा राखायचा, दुसरा पिठलं-भाकरीच्या रांगेत उभा राहायचा. रात्री दोनला शेजारचा अनोळखी माणूस आपल्या पांघरुणाचं टोक आपल्यावर ओढायचा आणि सकाळी थर्मासातला चहा अर्धा करून द्यायचा. नाव विचारायचं सुचायचंसुद्धा नाही. पुढच्या वर्षी तोच माणूस साधारण त्याच खांबापाशी दिसला की आपण मान हलवायची आणि म्हणायचं, “आलात का?” ही ओळख वर्षभर दुसरीकडे कुठेही उपयोगाची नसायची.

या गर्दीची फर्माईश ठरलेली. दस्तूर बसले की ‘गोपाला’ झालंच पाहिजे. दस्तूरही हसून म्हणायचे, कारण त्या भजनात त्यांच्या गुरूची आणि गुरूच्या गुरूची आठवण होती. भीमसेनजींना अभंग. शेवटी सवाई गंधर्वांच्या भैरवीची ध्वनिमुद्रिका लागायची, ती लोक उभं राहून ऐकायचे आणि मगच चपला शोधायला लागायचे. अशा फर्माईशीला मी नाव ठेवणार नाही. ती घरातल्या सणासारखी असते, तिच्यात नवं काही नकोच असतं.

माझी तक्रार दुसरीच आहे. समोर चाळीस माणसं असली की गवई त्यांचे चेहरे बघून गातो. समोर हजारो असले की चेहरे दिसतच नाहीत, ऐकू येते ती फक्त टाळी. आणि टाळी कशाला पडते, हे कोणत्याही कलाकाराला चार कार्यक्रमांत कळतं. लांबवलेल्या षड्जाला पडते, तिहाईला पडते, तबलजीशी केलेल्या सवाल-जवाबाला तर हमखास. मंद्रातल्या धैवतावर कोणी थांबून राहिला आणि त्या थांबण्यातच रागाचं सगळं गुपित असलं, तर तिथे टाळी वाजत नाही. तिथे पूर्वी ‘अहाहा’ यायचं, तेही पुढच्या दोन-तीन रांगांतून, आणि गवयाला तेवढं पुरायचं. मोठ्या मांडवात ते ‘अहाहा’ त्याच्यापर्यंत पोचत नाही. मग तो काय करेल? जे पोचतं त्याच्याकडे जाईल. विलंबित आटपतं, द्रुत लांबतं, आणि घरी जाताना आपणच म्हणतो, हल्ली पूर्वीसारखा आलाप कोणी करत नाही हो!

हेही सांगितलं पाहिजे की याच गर्दीनं मालिनीबाई राजूरकरांसारख्या कलावतीवर जीव लावला. प्रसिद्धीपासून लांब राहणारी, कपाळावर आठी नाही, हातवारे नाहीत, अवघड टप्पा सहज गाऊन जाणारी बाई. त्यांच्यासाठी मांडव गच्च भरायचा. तेव्हा गर्दी म्हणजे उथळ, असा हिशेब मी मांडत नाहीये. गर्दीला कान असतात. ते कशावर लावायचे, हे मात्र गर्दीतल्या एकेकानं ठरवायचं असतं.

मोकळीक म्हणजे काय, हे आता जवळून दाखवतो. याच सभागृहातली श्रावणातली एक संध्याकाळ. बाहेर पावसाची झड लागलेली, आत जेमतेम दोन सतरंज्या भरतील एवढी माणसं. गाणारे बुवा वयानं साठीपुढचे, नाव तुम्हाला माहीत नसेल, म्हणून सांगत नाही. दमट हवेनं तंबोरे ऐकेनात. मागे बसलेली मुलगी खुंटी पिळायची, मणी सरकवायची, जवारीचा दोरा केसाएवढा पुढेमागे करायची, आणि जोडाच्या तारा जुळल्या म्हणेपर्यंत पंचम उतरायचा. तबल्याची तीच गत. तबलजी हातोडीनं गट्टे ठोकतोय, चाटीवर बोट टेकवून ऐकतोय, पुन्हा ठोकतोय. पाऊण तास त्यातच गेला. दोन माणसं उठून गेली. बुवांनी सुरू केला मियाँ मल्हार. आवाज लागेना. खालचा षड्ज घोगरा, दोन निषादांचं ते प्रसिद्ध आंदोलन यायला हवं तिथे नुसतं खरखरणं. ते थांबले, पाणी प्याले, पुन्हा धरलं. पुन्हा तेच. आणखी कोणी उठून गेलं.

मग त्यांनी एक गोष्ट केली. वर जायचा नाद सोडून दिला. मंद्रसप्तकातच, त्या घोगऱ्या आवाजाला सोसेल एवढ्या जागेत, दोन निषाद आणि एक धैवत घेऊन ते बसले. किती वेळ, कोण जाणे. ख्याल पुढे सरकतच नव्हता. पण तेवढ्या तीन स्वरांतून जे एकेक निघत गेलं ते मी त्याआधी कोणाकडून ऐकलं नव्हतं आणि पुढेही ऐकलं नाही. तबलजीनंही बोल कमी करून नुसता ठेका धरून ठेवला. मध्येच बुवांनी समोरच्या म्हाताऱ्या वकिलांकडे बघितलं, वकिलांनी मान हलवली, आणि बुवा हसले. आवाज चांगला असता तर ते तारसप्तकात गेले असते, ताना घेतल्या असत्या, छान गाणं झालं असतं. ते झालं नाही. जे झालं ते समोरच्या वीस-बावीस माणसांनी पुढचा तास-दीड तास त्यांना नापास न केल्यामुळे झालं. मोकळीक म्हणतात ती ही. तिला पैसे पडत नाहीत, फक्त बूड स्थिर लागतं.

हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर बघायची असेल तर कुमार गंधर्वांकडे जा. दहा-अकरा वर्षांचं हे पोर मोठमोठ्या गवयांची गाणी हुबेहूब उतरवायचं, आणि मुंबईच्या रसिकांनी त्याला डोक्यावर घेतलं होतं. तसाच राहिला असता तरी जन्मभर मैफली मिळाल्या असत्या. नंतर क्षय झाला, 1948 मध्ये देवासला मुक्काम हलला, कित्येक वर्षं गाणं बंद. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी माळव्यातल्या बायकांची गाणी ऐकली. उठून बसले ते वेगळेच गवई म्हणून. लांब श्वासाची तान गेली होती, तिच्या जागी तुटक, लखलखते स्वरसमूह आले होते. ज्यांना जुना कुमार हवा होता ते नाराज झाले. पण मुंबई-पुण्यात आणि मध्य प्रदेशात अशी काही माणसं निघाली, की ज्यांनी या नव्या माणसाला जवळ केलं, त्याच्यासाठी घरं उघडली, सभागृहं भरली. ‘गीतवर्षा’, ‘गीतहेमंत’, ‘गीतवसंत’ असे कल्पना घेऊन बांधलेले कार्यक्रम त्यांच्याच भरवशावर झाले. कोणता राग, कोणती बंदिश, हे आधी ठरलेलं, फर्माईशीला जागाच नाही. तिकीट काढायचं आणि समोरच्याला काय सुचलंय ते ऐकायला जायचं.

आणि मग 1965 च्या सुमाराला ‘मला उमजलेले बालगंधर्व’. या नावाकडे एकदा नीट बघा. ज्या पदांवर आपल्या आजोबांचे ‘वन्स मोअर’ जमा झाले होते तीच पदं, पण कुमारांना उमजली तशी. नक्कल करायची त्यांच्यात ताकद होती, लहानपणीच ती सिद्ध झाली होती. ती त्यांनी केली नाही. पदाच्या पोटात शिरून रागाचा आणि लयीचा जो विचार बालगंधर्वांनी केला असेल, तो उलगडून दाखवला. बालगंधर्वांचे जुने भक्त बिचकले असतील तर नवल नाही. माझ्या मते मात्र नारायणरावांना मिळालेली ती सर्वांत मोठी दाद होती, आणि ती मिळाली त्यांच्या एका चाहत्याकडून.

किशोरीताई आमोणकरांचं नाव घेतल्याशिवाय हा विषय संपत नाही. त्यांच्या मैफलीत कुजबुज चालत नसे, हे सर्वश्रुत आहे. फर्माईश करणाऱ्याची तर धडगत नव्हती. लोक याचे किस्से रंगवून सांगतात, जणू तो निव्वळ तऱ्हेवाईकपणा. मला तसं वाटत नाही. रागाचा भाव उभा करायला जी शांतता लागते ती विकत मिळत नाही, ती समोरच्यांकडून मागूनच घ्यावी लागते. त्यांनी ती मागितली. थोडी रागावून मागितली, एवढंच. एक मात्र खरं, की भीतीनं गप्प बसलेला श्रोता आणि गाण्यात बुडून गप्प बसलेला श्रोता यांत फरक असतो, आणि ताईंच्या समोर दोन्ही प्रकारचे बसलेले मी बघितले आहेत. पहिल्या प्रकारच्याला दाद द्यायचीसुद्धा चोरी वाटायची, आणि दाद नसलेली मैफल मला तरी थोडी कोरडीच वाटते.

रात्रभराच्या मैफलींबद्दल बोलतो, कारण प्रश्नोत्तरांत कोणी ना कोणी ते विचारणारच. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायला बंदी आली. वर्षातले मोजके पंधरा दिवस राज्य सरकार बारापर्यंत सवलत देऊ शकतं. त्यामुळे आपले रात्रभराचे जलसे गेले. मध्यरात्रीचे दरबारी-मालकंस, उत्तररात्रीचे सोहनी-परज, पहाटेचा ललित, अशी रात्रीच्या वयाप्रमाणे चढत जाणारी रागांची रांग आता पुण्यात ऐकायला मिळत नाही. सवाई आता मुकुंदनगरला, दुपारी सुरू होतो. दुपारी मुलतानी-भीमपलास ऐकायची सोय झाली, हा त्यातला फायदा, पण तो कोणी सांगत नाही.

सगळं खापर कायद्यावर फोडायला मात्र मी तयार नाही. त्या बंदीतून बंद सभागृहं वगळलेली आहेत. कोलकात्याची डोव्हर लेन परिषद बंदिस्त नाट्यगृहात अजून रात्रभर चालते. बनारसला संकटमोचनच्या देवळात एप्रिलमध्ये रात्र-रात्र गाणं होतं आणि लोक फरशीवर बसून ऐकतात. आपल्याकडे नाट्यगृहं नाहीत का? आहेत. रात्री जागणारे नाहीत. सकाळी कामावर जायचंय, मुलांची शाळा आहे, लोकल गाठायचीय, ही कारणं खरी आहेत, मी त्यांची थट्टा करत नाही. पण मग म्हणू या, की रात्र आपल्याला परवडेनाशी झाली. ‘सरकारनं मालकंस बंद केला’ असली भाषणं नकोत.

आणि आपलं हळहळणं कशासाठी असतं? दरबारीसाठी की रमणबागेतल्या पिठल्यासाठी? दोन्हींसाठी असलं तरी चालेल. पण दरबारीसाठी असेल तर मिरजेला जा. मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसात संगीतसभा भरते, अब्दुल करीम खाँसाहेबांच्या नावाशी जोडलेली परंपरा आहे ती. कलाकार तिथे बिदागी घेत नाहीत, हजेरी लावायला येतात. मोठं नाव आणि कोवळं नाव एका रांगेत. कोणाला जाहिरात नाही, सत्कार नाही. समोर बसलेल्यांत तंबोरे-सतारी करणारे कारागीर असतात. त्यांच्या गल्लीतल्या भोपळ्यांतून निघालेली वाद्यं भारतभर वाजतात. त्यांच्यासमोर बेसूर गायची कोणाची छाती होत नसेल!

ध्वनिमुद्रणाबद्दल थोडं. एका तबकडीत तीन-साडेतीन मिनिटं मावायची. केसरबाई केरकरांच्या गाण्याचा पल्ला त्यात कसा मावणार? आज आपल्याला जुन्या कलाकारांचं तास-तासाचं जे गाणं ऐकायला मिळतं त्यातलं पुष्कळसं चाहत्यांनी मैफलीत स्पूलवर किंवा कॅसेटवर उतरवून ठेवलेलं आहे. काहींनी परवानगीनं, पुष्कळांनी सतरंजीखाली यंत्र लपवून. कायद्याच्या दृष्टीनं ती चोरी, आणि त्या चोरीवर दोन पिढ्यांचे कान तयार झाले. या माणसांना मी नमस्कार करतो. पण त्यांच्यातल्या ज्यांनी ते कपाटात कुलूप लावून ठेवलं, कोणाला ऐकवलं नाही, आणि ज्यांच्या मागे घरच्यांनी बुरशी आलेली स्पूलं भंगारात घातली, त्यांच्याबद्दल बोललं तर माझी जीभ घसरेल.

आताच्या मोबाइलवाल्यांशी माझं भांडण नीतीचं नाही. हात वर करून चित्रण करणाऱ्याचं लक्ष चौकटीवर असतं, गाणं चालू असतानाच तो ते पुढे कोणाला तरी पाठवत असतो. महासाथीच्या दोन वर्षांत, 2020 आणि 2021 मध्ये, सवाई झाला नाही. त्या काळात गाणं पडद्यावरच उरलं. कलाकार आपल्या दिवाणखान्यात बसून कॅमेऱ्याला गात होते. सम आली की सवयीनं समोर बघायचे, समोर दिव्याचा स्टँड. ते बघताना मला पहिल्यांदा नीट कळलं, की समेवर आपली जी मान हलते ती दाद तर असतेच, पण गवयाला ‘पोचलं’ म्हणून दिलेली पावतीही असते.

शेवटी आयोजकांना चार शब्द. इथे बसलेले आयोजक माझे मित्र आहेत, तरीही. पहिल्या तीन रांगांत सोफे मांडता, पाहुण्यांसाठी आणि प्रायोजकांसाठी. ते पाहुणे सत्कार झाला, शाल-श्रीफळ घेतलं, की मध्यंतराआधी निघून जातात. मग गवई डोळे उघडतो तेव्हा त्याला समोर रिकामे सोफे आणि त्यावरच्या सुकणाऱ्या पुष्पगुच्छांच्या कागदी पिशव्या दिसतात. त्याचे खरे ऐकणारे बाल्कनीत. सोफे काढा. त्या जागी सतरंजी घाला आणि गाणं शिकणाऱ्या मुलांना तिथे फुकट बसवा. सत्कार करायचेच असतील तर गाणं झाल्यावर करा, म्हणजे कोणाला कशाची खरी ओढ आहे तेही कळेल. आणि वर्षातली एक तरी सभा अशी ठेवा, की जिच्या पत्रिकेवर कलाकाराचं नावच नाही. किती लोक येतात ते बघू. पहिल्या वर्षी खुर्च्या रिकाम्या राहतील, तोटा होईल. त्या तोट्यात मी माझा वाटा द्यायला तयार आहे, अध्यक्षांनी तशी नोंद करून घ्यावी.

प्रश्न असतील तर आता विचारा, पण थोडक्यात. आठ वाजता इथे एका तरुण गायिकेचं गाणं आहे, तबलजी मघापासून विंगेत हातोडी घेऊन उभे आहेत, आणि त्यांना हा माइक इथून हलवलेला हवाय.